टेबल दहा हजार वेळा वर-खाली झालं, याची नोंद कुठे आहे?

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

बटण दाबलं की वर जाणारं, बटण दाबलं की खाली येणारं टेबल हल्ली सगळीकडे दिसतंय. कोविडनंतर घरून काम करणारे वाढले, पाठ-मान धरलेले वाढले, आणि हिंजवडी-खराडीच्या ऑफिसांत असायची ती टेबलं आता टू बीएचकेच्या हॉलमध्ये आलीत. चांगलंच आहे. तासन् तास एकाच जागी बसणं वाईट हे डॉक्टरही सांगतात. पण जाहिरातीत रंग दिसतो, लाकडाचा पोत दिसतो, किती किलो वजन उचलतं ते दिसतं, आणि हे टेबल पूर्ण वजनासकट किती वेळा वर-खाली करून बघितलं आणि कसं बघितलं हे कुठेच दिसत नाही. याच विषयावर हे पत्र लिहितोय, जरा लांबलंय, पण शक्य झालं तर पूर्ण छापा.

मी भोसरीत कंट्रोल पॅनल आणि पीएलसी (प्रोग्रॅमेबल लॉजिक कंट्रोलर, म्हणजे मशीनला ठरवून दिलेल्या क्रमाने चालवणारा छोटा कॉम्प्युटर) प्रोग्रॅमिंगचं काम करतो. गाड्यांच्या पार्ट्सवाल्यांकडे टेस्टिंगची शिस्त असते, कारण मोठी कंपनी रिपोर्टशिवाय माल घेतच नाही. फर्निचरवाल्यांकडे, निदान आमच्या आसपासच्या लहान वर्कशॉपमध्ये, तशी शिस्त मला फारशी दिसली नाही. आणि याचं कारण लबाडी नाही हे मी आधीच सांगतो. बहुतेकांना वाटतं की टिकाऊपणाची चाचणी म्हणजे मोठ्या लॅबचं काम, लाखो रुपयांचं मशीन लागतं, आपल्याला ते परवडणार नाही. हा समज चुकीचा आहे आणि तो काढण्यासाठीच माझी ही सगळी धडपड.

आधी हिशोब बघा. समजा एक माणूस रोज चार वेळा टेबल वर करून खाली करतो. एकदा वर जाऊन खाली आलं की एक सायकल. वर्षाचे कामाचे २५० दिवस धरले तर १,००० सायकल झाल्या, दहा वर्षांत १०,०००. म्हणजे दहा वर्षं टिकेल असं म्हणायचं असेल तर निदान १०,००० सायकल तरी वजन ठेवून चालवून बघायला पाहिजे. आता दोन मोटरचं टेबल साधारण ६० ते १२५ सेंटीमीटर उंचीत फिरतं आणि सेकंदाला ३८ मिलिमीटरच्या आसपास चालतं, म्हणजे खालून वर जायला १७ सेकंद, वर-खाली मिळून ३४. ऐकायला सोपं वाटतं. पण या मोटरी सतत चालायला बनवलेल्याच नसतात, त्यांच्यावर बहुतेक वेळा १० टक्के ड्यूटी लिहिलेली असते, दोन मिनिटं चालवा आणि अठरा मिनिटं थांबवा. म्हणजे वीस मिनिटांत तीन सायकल, तासाला नऊ. १०,००० सायकलला ११०० तासांच्या वर वेळ लागतो, रात्रंदिवस न थांबता चालवलं तरी ४६ दिवस. आणि हेच एका शिफ्टमध्ये हाताने करायचं म्हटलं तर १३९ शिफ्ट, रविवार वगळून पाच महिन्यांच्या वर.

आता प्रत्यक्षात काय होतं ते सांगतो. एखाद्या हेल्परला स्टूल देऊन टेबलासमोर बसवतात, तो बटण दाबतो आणि वहीत रेघ मारतो. दोन तासांत त्याला कंटाळा येणारच, कुणालाही येईल. मग अठरा मिनिटांची विश्रांती पाच मिनिटांवर येते, मोटर तापते, ग्रीस पातळ होतं, कंट्रोल बॉक्स थर्मल ट्रिप घेऊन (तापल्यामुळे आपोआप) बंद पडतो आणि सगळे म्हणतात टेबल खराब आहे. किंवा याच्या उलट, टेबल पूर्ण वर गेलंच नाही, मध्येच थांबलं, तरी रेघ मारली जाते. दोन्हीकडून नोंद खोटी. त्या पोराला दोष देण्यात अर्थ नाही. हे काम माणसाला द्यायचंच नव्हतं. वीस मिनिटांनी तीन वेळा, तेही दीड महिना, न चुकता, न झोपता, हे काम पीएलसीचं आहे.

पीएलसी म्हटलं की लोक बिचकतात म्हणून थोडं सांगतो. १९६८ च्या सुमारास अमेरिकेत जनरल मोटर्सला आपल्या गाड्यांच्या कारखान्यातली रिलेंनी (विजेवर उघडझाप होणाऱ्या स्विचांनी) भरलेली कपाटं नको झाली होती, मॉडेल बदललं की सगळी वायरिंग उपसायला लागायची. त्यातून डिक मॉर्ली आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मॉडिकॉन ०८४ नावाचा पहिला कंट्रोलर बनवला, १९६९ ला तो कारखान्यात लागला. त्यात खुबी अशी ठेवली की प्रोग्रॅम दिसायला रिलेच्या ड्रॉइंगसारखाच, शिडीसारख्या ओळी, म्हणून त्याला लॅडर म्हणतात. कॉम्प्युटर न शिकलेल्या इलेक्ट्रिशियनला तो वाचता यावा हाच हेतू. आज पन्नास वर्षांनंतरही तेच आहे. आयटीआय केलेला हुशार पोरगा आठवड्याभरात लॅडर वाचायला लागतो. आणि खर्चाचं म्हणाल तर छोटा पीएलसी आणि छोटी टचस्क्रीन मिळून एका चांगल्या मोबाइलच्या किमतीत बसतात.

ही चाचणी ज्या मांडणीवर चालते तिला रिग म्हणतात. रिग काय असतो? टेबल उभं करायचं, त्यावर त्याच्या क्षमतेइतक्या लोखंडी प्लेटा किंवा वाळूच्या गोण्या बांधून ठेवायच्या (बांधायच्याच, नुसत्या ठेवल्या तर शेकडो सायकलनंतर सरकतात आणि पडल्या तर पाय मोडतील), भोवती जाळी लावायची. पीएलसीचे दोन रिले टेबलाच्या हँडसेटच्या (बटणांच्या डबीच्या) वर आणि खाली या बटणांना समांतर जोडायचे. वर एक आणि खाली एक प्रॉक्सिमिटी स्विच, म्हणजे टेबल जवळ आलं की न शिवता लागणारा स्विच. प्रोग्रॅम सांगतो वर जा, वरचा स्विच लागला की दोन सेकंद थांब, खाली जा, खालचा लागला की एक मोज, तीन झाले की अठरा मिनिटं गप्प बस. बास, पाया एवढाच. दोन्ही रिले एकाच वेळी लागू नयेत म्हणून इंटरलॉक आणि दिशा बदलताना मधे थोडी उसंत, हे आमच्या लाइनमध्ये पहिल्या दिवशी शिकवतात.

एक अडचण मात्र येते. नव्या टेबलांच्या हँडसेटमधून नुसता स्विच येत नाही, तो कंट्रोल बॉक्सशी सिरीयल सिग्नलने बोलतो, टेलिफोनच्या जॅकसारखी पिन असते. तिथे वायर समांतर जोडून काही होत नाही. मग हँडसेट उघडून बटणाच्या दोन टोकांवर सोल्डर करायचं, नाहीतर बटणासमोर छोटा सोलेनॉइड (विजेवर पुढे-मागे होणारी दांडी) बसवून त्यालाच बोटासारखं दाबायला लावायचं. मला दुसरा उपाय जास्त आवडतो कारण त्यात बटणाचीही चाचणी होऊन जाते, आणि बटण हा असा भाग आहे की मोटर शाबूत असताना तोच आधी दगा देतो.

दुसरी अडचण आपल्याकडची खास. वीज. आमच्याकडे गुरुवारी महावितरणचा शटडाऊन असतो, एरवीही जाते. टेस्ट दीड महिन्याची असेल तर वीज जाणारच हे धरूनच चालायचं. म्हणून काउंटर पीएलसीच्या रिटेंटिव्ह मेमरीत ठेवायचा, म्हणजे वीज गेली तरी आकडा जात नाही. त्यापुढचं जास्त महत्त्वाचं. वीज आल्यावर पुष्कळ टेबलांना आपण कुठल्या उंचीवर आहोत हे कळत नाही, एकदा पूर्ण खाली नेऊन रिसेट करावं लागतं. म्हणून प्रोग्रॅमने वीज आल्यावर आधी होमिंग करायचं, मोटर गार व्हायला पूर्ण विश्रांती द्यायची आणि मगच मोजायला लागायचं. आणि ती वीज कधी गेली कधी आली तेही लिहून ठेवायचं. एवढं केलं तर आपल्या कमी-जास्त विजेतही टेस्ट खरी निघते.

आता मला मुख्य म्हणायचंय ते. नुसता काउंटर लावला म्हणजे चाचणी झाली असं समजू नका. स्क्रीनवर १०,००० दिसणं हा पुरावा नाही, आकडा कुणीही टाकू शकतो. पुरावा म्हणजे प्रत्येक सायकलची ओळ. कधी सुरू झाली, वर जायला किती सेकंद लागले, खाली यायला किती, मोटरने किती करंट घेतला, मोटरचं तापमान किती होतं. हे सगळं पीएलसी मेमरी कार्डावर तारखेसकट लिहू शकतो, त्याला वेगळं काही लागत नाही, करंट मोजायला एक करंट ट्रान्सड्यूसर आणि तापमान मोजायला एक पीटी-१०० सेन्सर एवढंच.

आणि या ओळी नीट वाचल्या तर टेबल आपल्याला स्वतःच सांगतं त्याला काय होतंय. सुरुवातीला वर जायला १७ सेकंद, हळूहळू १८, मग १९, आणि सोबत करंट चढतोय, म्हणजे आत घर्षण वाढतंय, पायातला स्क्रू-नट कोरडा पडतोय किंवा पाय ज्या प्लॅस्टिकच्या पट्ट्यांवर सरकतात त्या झिजल्यात. खाली यायचा वेळ कमी होतोय पण वर जायचा तेवढाच आहे, म्हणजे वजन टेबलाला खाली खेचतंय, ब्रेक सैल पडतोय. दोन पायांना दोन वेगळे सेन्सर लावले तर एक पाय मागे पडायला लागला हे डोळ्याला दिसायच्या कितीतरी आधी कळतं. टेबल शेवटी मोडलं की नाही मोडलं एवढ्या उत्तरापेक्षा बनवणाऱ्याला हेच जास्त उपयोगाचं, कारण कितव्या सायकलला बिघडायला सुरुवात झाली ते कळलं की कुठला भाग बदलायचा ते कळतं. उंची मोजायला टेबलाच्या स्वतःच्या डिस्प्लेवर भरवसा ठेवायचा नाही हेही सांगून ठेवतो, तो मोटरच्या फेऱ्या मोजून उंची दाखवतो, खरी उंची बाहेरून मोजायची.

प्रोग्रॅममध्ये एक पहारेकरी टायमर हवाच हवा. वर जायचा हुकूम दिला आणि समजा २५ सेकंदांत वरचा स्विच लागला नाही, तर सगळं बंद, लाल दिवा, मालकाच्या मोबाइलवर मेसेज. रात्री दोन वाजता शॉपमध्ये कुणी नसताना मोटर अडकून जळत बसली तर टेस्ट राहिली बाजूला, आग लागायची. ज्याला पहारेकरी टायमर टाकायचा कंटाळा आहे त्याने रात्रीची टेस्ट लावूच नये, एवढं स्पष्ट माझं मत आहे.

ज्यासाठी मी खरं तर लिहायला बसलो तो मुद्दा सुरक्षेचा. घरात लहान मुलं असतात. टेबल खाली येताना खाली खुर्चीचा हात असतो, कधी मुलाचं बोट असतं. चांगल्या टेबलांत अडथळा लागला की टेबल थांबून थोडं वर जातं, बऱ्याचदा ते मोटरचा करंट अचानक वाढला यावरून ओळखतात. नवीन टेबलावर दुकानदार हे करून दाखवतो आणि आपण खूश होतो. पण झिजलेल्या टेबलात घर्षणामुळे करंट एरवीच जास्त असतो, मग काहीच नसताना टेबल मधेच थांबायला लागतं, गिऱ्हाईक तक्रार करतं, आणि मेकॅनिक येऊन सेन्सिटिव्हिटी कमी करून जातो. टेबल सुरळीत चालायला लागतं आणि बोटाचं संरक्षण गेलेलं असतं. म्हणून ही सोय नवीन असताना एकदा बघून भागत नाही, झीज होत असतानाच पुन्हा पुन्हा बघायला पाहिजे. हेही पीएलसीला सांगता येतं. दर पाचशे सायकलला एका एअर सिलिंडरने टेबलाखाली रबरी ठोकळा सरकवायचा, त्याच्या मागे जोर मोजणारा लोडसेल, आणि टेबलाने किती जोर लावल्यावर माघार घेतली ते लिहून ठेवायचं. शेवटच्या हजार सायकलमध्ये तो जोर पहिल्यापेक्षा वाढला असेल तर ते टेबल घरात पाठवू नका, मग ते कितीही छान चालत असू दे. माणूस वहीत रेघा मारत बसला असता तर हे कधीच कळलं नसतं.

हॉस्पिटलच्या कॉटचंही हेच. आयसीयूतली कॉट दिवसातून कितीतरी वेळा वर-खाली होते, नर्सबाईंची कंबर तिच्यावर अवलंबून असते आणि पेशंटचा जीव. रिग थोडा बदलला की तोच चालतो.

खुर्च्यांच्या बाबतीत जगात हे फार आधीपासून होतंय. अमेरिकेतल्या बिफमा या फर्निचर बनवणाऱ्यांच्या संस्थेच्या ऑफिस खुर्चीच्या चाचणीत ५७ किलोची पिशवी सीटवर एक लाख वेळा आदळतात. एक लाख! हे हाताने कोण करणार, तिथे मशीनच लागतं. आपल्याकडेही भारतीय मानक ब्युरोने २०२२ मध्ये फर्निचरची मानकं काढली, कामाच्या खुर्च्यांसाठी आयएस १७६३१, टेबल-डेस्कसाठी आयएस १७६३३, आणि २०२५ च्या फेब्रुवारीत केंद्र सरकारने फर्निचरसाठी गुणवत्ता नियंत्रण आदेशही काढला. म्हणजे कागद तयार आहे. पण मानकात मजबुती आणि टिकाऊपणाच्या चाचण्या आहेत म्हणजे त्या कुठेतरी करायला लागणार, आणि लहान वर्कशॉपवाला टेबल टेम्पोत घालून लांबच्या लॅबला पाठवणार, तिथे रांगेत थांबणार, फेल झालं तर परत आणणार, बदल करून परत पाठवणार. त्यात त्याचा पैसा जातो आणि हुरूपही जातो. मग तो नक्षीकाम बदलतो आणि आतला नट तोच ठेवतो. त्याच्याकडे स्वतःचा साधा रिग असेल तर लॅबला जायच्या आधीच त्याला कळेल पास होणार की नाही. लॅबचं सर्टिफिकेट लागणारच, त्याला पर्याय नाही, पण घरचा अभ्यास घरीच झाला पाहिजे.

माझी सूचना अशी आहे. आपल्या राज्यात जवळपास प्रत्येक जिल्ह्यात सरकारी पॉलिटेक्निक आहे, आयटीआय आहेत. तिथे पीएलसी शिकवतात, आणि शिकवताना काय करतात तर ट्रॅफिक सिग्नलचा प्रोग्रॅम, पाण्याच्या टाकीचा प्रोग्रॅम, दिवे लागले, मार्क मिळाले. त्या प्रोग्रॅमला शेवट कुठेच नसतो, तो दुसऱ्या दिवशी पुसला जातो. त्याऐवजी शेवटच्या वर्षाच्या पोरापोरींना प्रोजेक्ट म्हणून असा रिग बनवायला द्या. भोसरी, सातपूर, वाळूज, शिरोली, जिथे एमआयडीसी आहे तिथल्या फर्निचरवाल्याने टेबल द्यायचं, कॉलेजने जागा आणि पीएलसी द्यायचा, दीड महिना टेस्ट चालवायची, रिपोर्ट दोघांनी वापरायचा. पोरांना खरी वायरिंग, खरा सेन्सर, खरी वीज गेल्यावर काय होतं ते शिकायला मिळेल. पहिल्याच आठवड्यात त्यांना कळेल की सेन्सरवर धूळ बसते, केबल सतत हलून आतून तुटते, रात्री ट्रिप झालेल्या रिगचं कारण सकाळी लॉगमधून शोधायला लागतं. हे पुस्तकात येत नाही. आणि नोकरीच्या इंटरव्ह्यूला कार्डावरचा दहा हजार ओळींचा लॉग घेऊन गेलेली मुलगी बाकीच्यांपेक्षा वेगळी दिसणार हे मी खात्रीने सांगतो, मी स्वतः माणसं घेताना हेच बघतो.

काही कारखानदार म्हणतात, हेल्परचं काम जाईल. मला हे पटत नाही. त्या पोराला बटण दाबायला बसवणं हा काही रोजगार नव्हे, त्याला लॅडर वाचायला शिकवा, रिगची रोजची तपासणी त्याच्याकडे द्या, बोल्ट सैल झालेत का, गोण्या सरकल्यात का, आवाज बदललाय का. आवाज अजूनही माणसालाच लवकर कळतो.

गिऱ्हाइकांनीही विचारावं. टेबल घेताना दुकानदाराला विचारा, किती वजनावर किती सायकल, मधे विश्रांती किती दिली, आणि अडथळ्याची चाचणी शेवटी परत केली का. सुरुवातीला उत्तर मिळणार नाही. दहा जणांनी विचारलं की दुकानदार कंपनीला विचारेल. ऑफिससाठी शंभर-दोनशे टेबलं एकदम घेणाऱ्या कंपन्यांनी तर लॉगची फाइल मागूनच ऑर्डर द्यावी, त्यांच्या हातात ताकद आहे, त्यांनी मागितलं की बाजार एका वर्षात बदलतो.

वर सांगितलेल्या रिगचा लॅडर प्रोग्रॅम, पॅनलचं ड्रॉइंग आणि सामानाची यादी मी तयार ठेवली आहे. कुठल्याही सरकारी पॉलिटेक्निकला किंवा आयटीआयला ती फुकट देईन, पहिली वायरिंग करताना शनिवारी येऊन उभाही राहीन, फक्त चहा पाजा. माझा नंबर आपल्या कार्यालयात दिलेला आहे, तो कृपया छापू नये, पण एखाद्या प्राचार्यांनी किंवा लघुउद्योजक संघटनेने मागितला तर जरूर द्यावा.

आपला,
एक पीएलसी प्रोग्रॅमर, भोसरी